विश्लेषण : मत ट्रम्प यांना, कौल वेतनवाढीला! अमेरिकी मतदार स्वतःला नेमके काय म्हणवतो?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात डोनाल्ड ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडे राहिले, सिनेटर जॉश हॉलीही आरामात निवडून आले. त्याच मतपत्रिकेवर खाली काही प्रस्ताव होते आणि त्यांवर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे होते. किमान वेतन ताशी १२.३० डॉलरवरून टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करावे आणि कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा द्यावी, या प्रस्तावाला जवळपास ५८ टक्क्यांनी होकार दिला. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्यालाही सुमारे ५२ टक्क्यांची संमती मिळाली. दोन्ही विषय डेमोक्रॅटिक पक्षाचे. ढोबळ बेरीज केली तरी सातातल्या एका मतदाराने वर ट्रम्प आणि खाली वेतनवाढ अशा दोन्ही ठिकाणी खूण केली असणार, असे दिसते.

त्याच दिवशी कॅलिफोर्नियात उलटे घडले. कमला हॅरिस यांना तिथे ५८ टक्के मते पडली. पण किमान वेतन १६ वरून १८ डॉलर करण्याचा प्रस्ताव थोडक्यात पडला, घरभाडे नियंत्रणाचा विस्तार साठ टक्क्यांनी नाकारला आणि चोरी व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा कडक करण्याच्या प्रस्तावावर तब्बल ६८ टक्के मतदारांनी होकाराची मोहोर उमटवली.

मिसुरीचा मतदार स्वतःला बहुधा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणवेल, कॅलिफोर्नियाचा ‘लिबरल’. मग या शब्दांचा अर्थ काय धरायचा? अमेरिकेतले राजकारणी, वाहिन्या आणि आपल्याकडचे त्यांचे वाचकही या शब्दांवरून ‘देश उजवीकडे झुकला’, ‘देश डावीकडे सरकला’ असे निष्कर्ष काढत असतात. ही घाई महागात पडते, आणि तिची किंमत सामान्य मतदार मोजतो.

आकडे काय सांगतात?

गॅलप ही संस्था अनेक दशके अमेरिकनांना एक साधा प्रश्न विचारते : तुमची राजकीय मते अतिशय कॉन्झर्व्हेटिव्ह, कॉन्झर्व्हेटिव्ह, मॉडरेट, लिबरल की अतिशय लिबरल? २०२४ मधल्या मुलाखतींची सरासरी अशी : ३७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, ३४ टक्के मॉडरेट, २५ टक्के लिबरल. १९९२ मध्ये हेच प्रमाण ३६, ४३ आणि १७ होते. म्हणजे तीसेक वर्षांत कॉन्झर्व्हेटिव्ह जवळपास जागच्या जागी, मधला गट आक्रसलेला आणि लिबरल वाढलेले.

पक्षनिहाय पाहिले तर चित्र अधिक बोलके आहे. २०२४ मध्ये रिपब्लिकनांपैकी ७७ टक्क्यांनी स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटले. डेमोक्रॅटांत लिबरल म्हणवणारे ५५ टक्के, आणि हा त्यांचा तोवरचा उच्चांक! १९९४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात जितके लिबरल होते तितकेच कॉन्झर्व्हेटिव्ह होते, प्रत्येकी एक चतुर्थांश. तेव्हा एका पक्षाला आपले विशेषण मिरवायला आवडते, तर दुसऱ्याचा जवळपास निम्मा पाठीराखा अजूनही ते लावून घ्यायला तयार नाही. असे का, हे समजायला त्या शब्दांचा इतिहास पाहावा लागतो.

‘लिबरल’ हा शब्द बदनाम कसा झाला?

मराठीत आपण ‘लिबरल’ला उदारमतवादी म्हणतो आणि डोळ्यांसमोर न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले येतात. ‘मॉडरेट’ तर याच परंपरेचे इंग्रजी नाव. मराठीत नेमस्त किंवा मवाळ. जहालांच्या तोंडी ‘मवाळ’ हे काही कौतुक नव्हते. अमेरिकेत नेमके उलट आहे : मॉडरेट म्हटलेले कुणालाही आवडते, लिबरल म्हटलेले अनेकांना झोंबते. शिवाय युरोपात ‘लिबरल’ म्हणजे साधारणपणे खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता, तर अमेरिकेत सरकारने गरिबांसाठी, आरोग्यासाठी, नागरी हक्कांसाठी अधिक काही करावे असे म्हणणारा. त्यामुळे मराठी बातमीत ‘उदारमतवादी’ वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

अमेरिकेतला हा अर्थ रूढ केला तो फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, १९३० च्या दशकात. बेरोजगारांना काम, वृद्धांना निवृत्तिवेतन हे त्यांचे कार्यक्रम लोकप्रिय होते आणि शब्दालाही प्रतिष्ठा होती. साठच्या दशकात नागरी हक्कांचे कायदे आले, शहरांत दंगली झाल्या, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आणि ‘लिबरल’ म्हटले की कष्टकऱ्याच्या पगारापेक्षा निदर्शक, गुन्हेगारांविषयी नको तितका कळवळा, दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म असे काहीबाही लोकांना आठवू लागले. १९८८ च्या निवडणुकीत थोरल्या जॉर्ज बुश यांनी मायकल डुकाकिस यांच्यावर हा शब्द शिवीसारखा फेकला. डुकाकिस बराच काळ तो चुकवत राहिले आणि मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, आपण रूझवेल्ट, ट्रुमन, केनेडी यांच्या परंपरेतले लिबरल आहोत असे म्हणाले. तोवर उशीर झाला होता. २००७ मध्ये एका जाहीर वादसभेत हिलरी क्लिंटन यांना ‘तुम्ही लिबरल का’ असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द पसंत केला. पक्षाचे नेतेच ज्या शब्दापासून अंग चोरतात, तो मतदाराने छातीवर का लावावा?

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’चे नशीब बरोबर उलटे. हा शब्द राजकारणाबाहेरही जगतो. चर्चला नेमाने जाणारा, उधळपट्टी न करणारा, मुलांना वळण लावणारा, उगाच भपका न करणारा माणूस इंग्रजीत सहज कॉन्झर्व्हेटिव्ह ठरतो. आपल्याकडे कुणी ‘आम्ही आपली साधी माणसं’ म्हणते, त्यातला हा सूर. पाहणी करणाऱ्याने फोनवर विचारले की अनेकजण कर आणि विमा यांचा विचार करून नाही, तर आपल्या घरच्या रीतीचा विचार करून उत्तर देतात. क्रिस्टोफर एलिस आणि जेम्स स्टिमसन या राज्यशास्त्रज्ञांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात नेमका हा मुद्दा मांडला. स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्यांतला एक मोठा गट सरकारी खर्चाच्या एकेका बाबीवर विचारले की शिक्षण, आरोग्य, पर्यावरण यांवर अधिक खर्च करा, असे सांगतो. हा गट ढोंगी नाही. त्याला विचारलेला शब्द एक आहे आणि त्याने ऐकलेला दुसरा.

मुद्दा नवा नाही. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी १९६४ मध्ये केलेल्या पाहण्यांवरून १९६७ साली पुस्तक लिहिले. प्रत्यक्ष योजनांविषयी विचारल्यावर सुमारे दोन तृतीयांश अमेरिकन लिबरल बाजूचे दिसले. पण सरकारने किती लुडबूड करावी असे तत्त्वाच्या भाषेत विचारल्यावर निम्मे कॉन्झर्व्हेटिव्ह ठरले. साठ वर्षे उलटली तरी हे दुभंगलेपण टिकून आहे.

शब्द बदलला की उत्तर का बदलते?

शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेची ‘जनरल सोशल सर्व्हे’ ही पाहणी १९७२ पासून चालते. त्यात ऐंशीच्या दशकापासून एक प्रयोग चालू आहे. काहींना विचारतात, ‘वेल्फेअर’वर सरकार फार खर्च करते की फार कमी? इतरांना विचारतात, ‘गरिबांना मदत’ यावरचा खर्च जास्त की कमी? गोष्ट जवळपास एकच. पण ‘गरिबांना मदत’ कमी पडते म्हणणारे नेहमीच कितीतरी अधिक असतात. ‘वेल्फेअर’ म्हटले की अनेक गोऱ्या अमेरिकनांच्या मनात कामचुकार, फुकटे आणि बहुतेक वेळा कृष्णवर्णीय माणसाचे चित्र उभे राहते, हे मार्टिन गिलेन्स यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. ते चित्र आपोआप आले नव्हते. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन सभेसभेतून शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगत, जिने अनेक नावांनी सरकारी मदत लाटली. गोष्ट एका बाईची, डाग सगळ्या योजनेवर.

२००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य विम्यावर देशभर गदारोळ चालला होता. साउथ कॅरोलायनातल्या सभेत एका वृद्धाने रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस यांना बजावले की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही सरकारचीच योजना आहे, हे इंग्लिस यांनी समजावून पाहिले. गृहस्थांना पटले नाही. हा किस्सा पुढे डेमोक्रॅट मंडळींनी हसण्यासाठी इतका वापरला की त्यातली खरी गोष्ट हरवली. त्या माणसाने आयुष्यभर पगारातून कपात सोसली होती. त्याच्या लेखी मेडिकेअर ही त्याची स्वतःची कमाई. ‘सरकार’ म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी फुकट देणारे. त्याची मांडणी चुकीची असेल, पण तिच्यामागे एक हिशेब आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय अमेरिकेतला कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार समजत नाही.

मग विचारसरणी आहे तरी किती जणांकडे?

मिशिगन विद्यापीठातील फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९५६ च्या पाहणीत लोकांना पक्षांविषयी काय आवडते, काय नावडते असे मोकळे प्रश्न विचारले होते. ती उत्तरे त्यांनी चाळली. डावे-उजवे, उदार-परंपरावादी अशा चौकटीत खरोखर विचार करणारे जेमतेम अडीच टक्के निघाले. ते शब्द अर्धवट वापरणारे आणखी नऊ टक्के. सर्वात मोठा गट, सुमारे ४२ टक्के, ‘हा पक्ष कष्टकऱ्यांचा, तो पक्ष बड्या धंदेवाल्यांचा’ अशा भाषेत बोलणारा होता. साधारण एक चतुर्थांश लोक बरे दिवस कुणाच्या राज्यात आले यावर मत ठरवत होते आणि उरलेल्यांच्या बोलण्यात धोरणाचा मागमूस नव्हता.

त्यानंतर अमेरिकेत महाविद्यालये वाढली, वाहिन्या आल्या, हातात फोन आला. तरीही डोनल्ड किंडर आणि नेथन कॅल्मो यांनी २०१७ च्या पुस्तकात काढलेला निष्कर्ष कॉन्व्हर्स यांच्यापासून फार दूर नाही. देशातील निवडणूक अभ्यासाची जुनी पाहणी सात पायऱ्यांची पट्टी पुढे ठेवते आणि वर ‘की याचा फारसा विचार केलेला नाही?’ अशी मोकळीकही देते. अनेक निवडणुकांत पाचातल्या एकाहून अधिक अमेरिकनांनी ती मोकळीक घेतली आहे. मला ही उत्तरे सर्वात प्रामाणिक वाटतात.

मात्र यावरून ‘लोकांना काही कळत नाही’ असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ‘हा पक्ष आमच्यासारख्यांचा’ हेही ज्ञानच आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांचेच पाहा. चर्च, कुटुंब, शिस्त यांविषयी त्यांच्यातले अनेकजण स्वतःला निःसंकोच कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात आणि मत प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटांना देतात. यात विसंगती नाही. नागरी हक्कांच्या लढ्यात कोणता पक्ष कुठे उभा राहिला, याची आठवण त्या समाजाने जपली आहे आणि ती कोणत्याही विशेषणापेक्षा जड आहे.

आपल्या ओळखीची मंडळीही याला अपवाद नाहीत. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या भारतीय अमेरिकनांची, म्हणजे त्यात मराठी घरेही आलीच, कार्नेगी संस्थेने २०२० मध्ये मोठी पाहणी केली. हाच समाज अमेरिकेतल्या प्रश्नांवर अधिक उदार आणि भारतातल्या प्रश्नांवर तुलनेने कॉन्झर्व्हेटिव्ह भूमिका घेतो, असे तिच्यात दिसले. एका देशात अल्पसंख्य आणि दुसऱ्यात बहुसंख्य असलेला माणूस दोन्हीकडे एकाच पायरीवर उभा राहत नाही. २०२० मध्ये यांच्यातले ५६ टक्के स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत, २०२४ मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले.

‘मी कुठल्याच पक्षाचा नाही’ म्हणणारे कोण?

गॅलपच्या २०२४ च्या आकड्यांनुसार ४३ टक्के अमेरिकन स्वतःला ‘इंडिपेंडंट’ म्हणवतात; रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट प्रत्येकी २८ टक्के. एवढा मोठा तिसरा गट असताना तिसरा पक्ष का उभा राहत नाही, असे आपल्याला वाटते. उत्तर पुढच्या प्रश्नात दडलेले आहे. ‘बरे, पण झुकता कुठे?’ असे विचारले की बहुतेकजण एका बाजूचे नाव घेतात. झुकणारे धरले की रिपब्लिकन ४६ आणि डेमोक्रॅट ४५ होतात आणि खरोखर अधांतरी राहणारे दहात एकही उरत नाहीत. झुकणारे मतदानाच्या दिवशी जवळजवळ पक्के पक्षीय असतात, हे १९९२ मध्येच एका पुस्तकाने सांगितले होते आणि पुढच्या निवडणुकांत ते खरे ठरत आले.

मग ते नाव का लपवतात? समारा क्लार आणि याना क्रुप्निकोव्ह यांच्या २०१६ च्या अभ्यासातले उत्तर मला पटते : लाजेखातर. पक्षांच्या हमरीतुमरीच्या बातम्या दाखवल्या की लोक आपली पक्षनिष्ठा झाकू लागतात. चारचौघांत कुणाला भांडकुदळ दिसायचे नसते. तेव्हा ‘इंडिपेंडंट’ हा बऱ्याचदा राजकीय कल नसून शिष्टाचार असतो.

‘मॉडरेट’चे थोडेफार असेच. मधल्या पायरीवरचा प्रत्येक जण प्रत्येक विषयात मधला नसतो. स्थलांतरावर टोकाचा कडक आणि श्रीमंतांवरच्या करांविषयी टोकाचा आग्रही असा माणूस सरासरी काढली की मध्यावर येतो. अशांची संख्या किती आणि खरोखर मध्यम मतांचे किती, यावर तिकडच्या अभ्यासकांत वाद आहे. पण ‘मॉडरेट मतदाराला पटेल’ असे सांगत दोन्ही पक्षांच्या मधोमध काढलेली रेघ या दोघांनाही पटेलच असे नाही.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत का?

नाहीत, कारण सत्ता शब्दांवर मिळते. मिसुरीतल्या मतदाराने रिपब्लिकनांना निवडले, आणि कायदे करतात ते निवडून आलेले. डेमोक्रॅट इथे फसतात : आमच्या योजना लोकांना आवडतात, म्हणजे लोक आमचेच, असे ते धरून चालतात. आपला कोण आणि परका कोण हे मतदार आधी ठरवतो, योजना नंतर. २०२० मध्ये फ्लोरिडात जवळपास ६१ टक्क्यांनी १५ डॉलर किमान वेतन मंजूर केले आणि राज्य मात्र ट्रम्प यांनी जिंकले. वेतनवाढीचे श्रेय डेमोक्रॅटांना मिळाले नाही.

पण रिपब्लिकनांची चूक अधिक गंभीर आहे, कारण ती करणाऱ्यांच्या हाती कायद्याची लेखणी आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि क्रिस्टोफर स्कॉव्हरन यांनी राज्यांच्या विधिमंडळांतील राजकारण्यांना विचारले, तुमच्या मतदारसंघातल्या लोकांचे अमुक विषयावर काय मत आहे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दोन्ही पक्षांच्या, आणि विशेषतः रिपब्लिकन राजकारण्यांनी आपले मतदार प्रत्यक्षापेक्षा बरेच अधिक कॉन्झर्व्हेटिव्ह असल्याचे सांगितले. लेबल वाचले, माणूस वाचला नाही.

त्याचे परिणाम मिसुरीत दिसतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मतदारांनी ५३ टक्क्यांनी मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेचा विस्तार मंजूर केला. विधिमंडळाने पैसेच द्यायचे नाकारले. अखेर २०२१ च्या जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मतदारांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा योजना सुरू झाली. २०२४ मध्ये मंजूर झालेली आजारपणाची रजा, दर तीस तासांच्या कामामागे एक तास, विधिमंडळाने २०२५ मध्ये रद्द करून टाकली. महागाईनुसार वेतन वाढत राहण्याची तरतूदही काढली. सिनेटर हॉली यांनी मे २०२५ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून मेडिकेडला कात्री लावू नका असे आपल्याच पक्षाला सुनावले होते. मिसुरीच्या मतदाराला काय हवे हे त्यांना चांगले ठाऊक होते. जुलै उजाडताच त्यांनी त्या योजनेत मोठी कपात करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मत दिले.

इतर राज्यांत दार अरुंद करण्याचा मार्ग वापरला गेला. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला साठ टक्के मते लागतात. २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काला ५७ टक्के मिळाली, म्हणजे तिथे ट्रम्प यांना मिळाली त्याहून किंचित अधिक, आणि प्रस्ताव पडला. ओहायोत ऑगस्ट २०२३ मध्ये अशीच साठ टक्क्यांची अट आणायचा प्रयत्न झाला, तो सुमारे ५७ टक्क्यांनी हाणून पाडला. तीन महिन्यांनी जवळपास तितक्याच मतांनी गर्भपाताचा हक्क मंजूर झाला. २०२४ मध्ये त्याच ओहायोने ट्रम्प यांना ५५ टक्के मते दिली.

अमेरिकेतल्या निम्म्याच राज्यांत मतदारांना असे प्रस्ताव स्वतः आणता येतात. इतर ठिकाणी माणसाला पक्ष किंवा उमेदवार एवढीच निवड असते आणि त्याच्या मनातले तपशील बाहेर येण्याचा रस्ताच नसतो. म्हणून मतदाराचा कल कुठे हे जाणून घ्यायचे तर मी गॅलपच्या तीन शब्दांपेक्षा या ‘होय-नाही’च्या निकालांवर अधिक विश्वास ठेवेन. हे निकालही निर्दोष नसतात. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये टॅक्सी कंपन्यांनी प्रचारावर पाण्यासारखा पैसा ओतून आपल्याला हवा तो नियम करून घेतला होता. पण वेतन वाढवावे की नाही, या प्रश्नात ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न मिसळलेला नसतो, आणि नेमके तेच मोलाचे आहे.

मिसुरीच्या विधिमंडळाने गर्भपाताचा प्रश्न २०२६ च्या नोव्हेंबरात पुन्हा मतदानाला ठेवायचे ठरवले. सप्टेंबर २०२५ च्या विशेष अधिवेशनात आणखी एक प्रस्ताव संमत केला : नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेली घटनादुरुस्ती यापुढे राज्यभरातील बहुमताने नव्हे, तर आठही लोकप्रतिनिधी मतदारसंघांत स्वतंत्र बहुमत मिळाले तरच मंजूर व्हावी. म्हणजे एका मतदारसंघाने नकार दिला तरी उरलेल्या सातांचा होकार वाया. या बदलाला मात्र जुन्या नियमानुसार राज्यभरातील साधे बहुमत पुरेसे आहे, आणि तो मंजूर करायचा की नाही, हे त्याच मतदारांना विचारले जायचे आहे.